व्हेट आणि फिजिओ एकत्र कसं काम करू शकतात: इंदूरच्या अनुभवातून स्टेप-बाय-स्टेप

कुत्रा लंगडायला लागला की आपल्याकडे साधारण काय होतं ते आधी सांगते. घरचे व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे नेतात, व्हेट तपासतात, एक्स-रे काढतात, गोळ्या लिहून देतात आणि जाता जाता म्हणतात की फिजिओ करून घ्या, मग घरचे कोणाकडून तरी नंबर मिळवून माझ्यासारख्या रिहॅबचं, म्हणजे जनावराला व्यायामाने परत चालतं करायचं काम करणाऱ्याला फोन लावतात आणि मी विचारलं की डॉक्टरांनी नक्की काय सांगितलंय तर उत्तर येतं, "ते म्हणाले थोडं-थोडं चालवा." थोडं म्हणजे किती, पट्टा लावून की मोकळं, ओटल्याच्या पायऱ्या चालतील का, हे कोणालाच माहीत नसतं. मी जे सांगते तेही पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांपर्यंत अर्धंच पोचतं. जनावराला बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलू शकणारे दोघं जाणकार एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्या मधे निरोप पोचवायचं काम करतात आधीच घाबरलेले घरचे लोक.

म्हणून या लेखात माझं सांगणं एकच आहे, ते म्हणजे घरच्यांना निरोप्या बनवू नका. व्हेटचा प्रश्न फिजिओकडे लेखी यावा आणि फिजिओचं उत्तर व्हेटकडे लेखी जावं. पाण्यातली ट्रेडमिल, लेझर, मॅट, बॉल हे सगळं त्याच्यानंतर. हे व्हेट लोकांसाठी लिहिलंय, आमच्यासारख्या थेरपिस्टसाठी पण लिहिलंय, आणि लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगरकडचे जे पेट पाळणारे काका-काकू मला रोज फोन करतात त्यांनी पण वाचावं, कारण आपल्या कुत्र्याच्या फाइलमध्ये काय असायला हवं हे त्यांना कळलं तर ते स्वतःच मागून घेतील.

पायरी १: कोण काय ठरवणार हे आधीच ठरवा

इथे कायदा स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा, त्याच्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर वैद्यकीय उपचार करायचा हक्क रजिस्टर्ड पशुवैद्याचा आहे. माणसांच्या फिजिओथेरपिस्टसाठी २०२१ चा वेगळा कायदा आला पण तो माणसांच्या उपचारापुरता आहे, तो दाखवून कुत्र्याचा उपचार आपल्या मर्जीने करता येत नाही. ब्रिटनमध्ये सुद्धा, जिथे हे क्षेत्र आपल्यापेक्षा बरंच पुढे आहे, १९६६ च्या कायद्याखाली आणि २०१५ च्या सवलतीच्या आदेशाप्रमाणे फिजिओथेरपी करता येते ती व्हेटने जनावर स्वतः तपासून उपचार सांगितल्यावरच.

मग वाटणी अशी करायची. निदान, औषध, एक्स-रे किंवा एमआरआय, ऑपरेशन, आणि पायावर भार कधी टाकू द्यायचा याचा निर्णय, हे व्हेटचं. चालण्याचं बारीक निरीक्षण, सांधा किती वाकतो, स्नायू किती उतरलेत, कोणता व्यायाम किती वेळा, घरातली फरशी-पलंग-जिना यांचं काय करायचं आणि आठवड्यागणिक व्यायाम वाढवणं, हे थेरपिस्टचं, पण व्हेटने आखलेल्या हद्दीत. आणि तीन गोष्टी दोघांच्या मिळून: दुखणं किती आहे याची मोजणी, वजनाचं टार्गेट, आणि कशामुळे लगेच थांबायचं याची यादी. हे एका पानावर लिहून दोघांनी जवळ ठेवा. आमच्या क्षेत्रात काही जण "निदान" हा शब्द फार सहज वापरतात, कुत्र्याला हात लावल्या लावल्या घरच्यांना सांगून टाकतात की याची डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, सरकलीय. हे मला अजिबात पटत नाही. आपल्या हाताला जे लागलं ते सांगावं, म्हणजे कंबरेत इथे दाबल्यावर पाठ ताठ करतो, एवढंच, नाव द्यायचं काम डॉक्टरांचं.

पायरी २: ओळख करून घ्या, पण ब्रोशर घेऊन नको

थेरपिस्टने क्लिनिकला जायचं तर संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नये, तेव्हा बाकावर लसीवाले, उलटीवाले, गोचीडवाले सगळे बसलेले असतात. आधी फोन करून दुपारी जरा निवांत असताना जा आणि एक केस घेऊन जा, चालण्याचा आधीचा-नंतरचा व्हिडिओ आणि मोजमापाचा कागद. डॉक्टरांना मशीनच्या फोटोत इंटरेस्ट नसतो, त्यांना बघायचं असतं की हा माणूस काय लिहितो आणि कुठे थांबतो.

व्हेटने थेरपिस्टला काय विचारावं? ट्रेनिंग कुठून, जनावरांवर हाताखाली काम किती केलं, हे विचाराच, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हा: "कोणत्या जनावराला तुम्ही हात लावणार नाही?" ज्याला याचं लांबलचक उत्तर देता येतं त्याच्याकडे पेशंट पाठवायला हरकत नाही. जो म्हणतो आम्ही सगळं ट्रीट करतो, त्याच्यापासून जरा लांब.

आणि आपल्या इंदूरवाल्यांना एक सोय आहे ती विसरू नका. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं, आता ते जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली येतं, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. केस गुंतागुंतीची असली, दुसरं मत हवं असलं तर शहरातल्या व्हेटशी बोलून तिकडे नेता येतं, फक्त तेव्हा फाइल सोबत गेली पाहिजे, नाहीतर परत पहिल्यापासून सगळं तोंडी सांगावं लागतं.

पायरी ३: चिठ्ठी (याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा)

"फिजिओ अॅडव्हाइज्ड" एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे चिठ्ठीच नाही. व्हेट बिझी असतात हे मला मान्य आहे, पुढे पेशंट बसलेले असतात, म्हणून मी डॉक्टरांना लांब पत्र मागत नाही, सहा-सात ओळी मागते, व्हॉट्सअॅपवर टाइप केल्या तरी चालतात. समजा अशी:

"राणी, डॅशहाउंड मादी, ५ वर्षं, ९ किलो. कंबरेच्या वरच्या भागात डिस्कचा त्रास, ग्रेड २, चालते पण मागून डोलते. ऑपरेशन सध्या नाही. पिंजऱ्यात पूर्ण आराम सोमवारपासून सुरू. औषधांचा फोटो सोबत. मनाई: जिना, उडी, मोकळं सोडणं, पाण्यातला व्यायाम. तुमच्याकडून हवंय: शू-शीला नेताना पोटाखालून कसं उचलायचं ते घरच्यांना शिकवा, मागच्या पायांची ताकद दर आठवड्याला नोंदवा. आत्तापेक्षा थोडी जरी कमजोर वाटली तर त्याच दिवशी मला फोन."

यात बघा, निदान आहे, तेही ग्रेडसकट. ग्रेड का महत्त्वाचा, तर डिस्कच्या त्रासात १ म्हणजे नुसतं दुखणं, २ म्हणजे डोलत का होईना चालतं, ३ म्हणजे पाय हलवतं पण चालता येत नाही, ४ म्हणजे पाय अजिबात हलत नाहीत पण खोल वेदना कळते, आणि ५ म्हणजे तीही कळत नाही. आज २ असलेली राणी परवा ४ झाली तर तो बदल ओळखायला आधीचा आकडा कुठेतरी लिहिलेला हवा ना. मग मनाई आहे, आणि ती नुसती "जपून" अशी नाही, एकेक गोष्ट नाव घेऊन आहे. आणि शेवटी विचारलेलं काम आहे. हे शेवटचं बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये नसतं, आणि मग थेरपिस्ट आपल्याला जे येतं ते करत बसतो.

मनाई एवढी ठासून का लिहायची ते सांगते. दोन कुत्रे आहेत, दोघं मागून नीट चालत नाहीत, दोघांच्या घरच्यांना ऐकू आलंय "फिजिओ करा". एक ही राणी, जिला चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायचंय, जास्त चालवली तर डिस्क आणखी बाहेर येऊ शकते. दुसऱ्याचं खुब्याच्या गोळ्याचं ऑपरेशन झालंय, ज्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकतात, त्याला मात्र दुखणं आटोक्यात ठेवून पहिल्या काही दिवसांतच पाय वापरायला लावायचाय, नाहीतर तिथे घट्ट व्रण धरतो, सांधा आखडतो आणि पाय उचलूनच चालायची सवय लागते. दोन्ही सूचना एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तोंडी निरोपात या दोघांची अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो?

गुडघ्याचं लिगामेंट तुटून टीपीएलओ नावाचं ऑपरेशन झालेला कुत्रा असेल तर तिसरीच गोष्ट, हाड कापून प्लेट लावलेली असते, साधारण आठ आठवड्यांनी एक्स-रे काढून हाड जुळलंय हे व्हेट बघतात, तोवर पट्ट्यावर हळू चालणं, पळणं-उड्या बंद. तो एक्स-रे झाला की त्याचा निकाल थेरपिस्टला त्याच दिवशी कळवा, कारण पुढचा सगळा प्लॅन त्याच्यावर उभा असतो.

पायरी ४: पहिली तपासणी, आणि आकडे

पहिल्या भेटीत मी मसाज करत नाही, घरच्यांना जरा निराश वाटतं पण आधी मोजायचं असतं. कुत्रा शक्य तर त्याच्या घरातच बघते. आपल्या इंदुरी घरांमध्ये कोटा स्टोन नाहीतर चकचकीत टाइल्स, आणि त्याच्यावर म्हातारा लॅब्राडोर (लॅब) चालताना मागचे पाय कसे बाहेर फाकतात ते क्लिनिकच्या टेबलावर कधीच दिसत नाही. पलंग किती उंच, पाण्याचं भांडं कुठे, ओटल्याला पायऱ्या किती, हे सगळं मी लिहून घेते आणि डॉक्टरांना कळवते, कारण गोळी बदलायच्या आधी सतरंजी बदलून बघता येते. सतरंजीपेक्षा खालून न सरकणारी रबरी मॅट जास्त बरी, आणि पंजातले वाढलेले केस आणि नखं कापली तर निम्मी घसरण तिथेच कमी होते.

व्हिडिओ काढा, बाजूने, समोरून आणि मागून, कुत्र्याच्या कंबरेच्या उंचीवर मोबाइल धरून, न घसरणाऱ्या जमिनीवर. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर नको, पंजे भाजतात, सकाळी लवकर. बरेच कुत्रे क्लिनिकमध्ये भीतीने लंगडणं लपवतात म्हणून घरचा व्हिडिओ डॉक्टरांना खरंच उपयोगी पडतो.

मग टेप. मांडीचा घेर मोजताना कुत्रा कुशीवर, पाय सरळ, आणि खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या हाडापासून गुडघ्यापर्यंतची जी लांबी आहे तिच्या ७० टक्क्यांवर खूण करून तिथे टेप गुंडाळायची, दोन्ही पायांना, प्रत्येक वेळी त्याच माणसाने. घेरात फरक पडला की कळतं पाय वापरला जातोय का नाही. सांध्यासाठी गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी. निरोगी लॅबचा गुडघा पूर्ण वाकवला की ४२ अंशांच्या आसपास येतो आणि सरळ केला की १६२ च्या आसपास, तुमच्या पेशंटचा दुसरा पाय बरा असेल तर त्याच्याशीच तुलना करणं सगळ्यात चांगलं. आणि लक्षात ठेवा की उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या, मागे दुखत असेल तर तो आणखी पुढे झुकतो, म्हणून खांदे आणि मान पण तपासा, कळ बऱ्याचदा तिथे पण असते.

वजन. हे बोलायला घरच्यांना आवडत नाही, पण बोलावंच लागतं. शरीर किती भरलंय त्याची १ ते ९ अशी पट्टी असते, ४-५ म्हणजे छान, आपल्याकडचे लॅब बरेचदा ७-८ ला असतात कारण सकाळी दूध-पोळी, मग पोह्यातली शेव, मग संध्याकाळी आजोबांच्या ताटातलं. जाड आणि संधिवात असलेल्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास कमी झालं की लंगडणं कमी होतं असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे ४० किलोच्या कुत्र्याचे अडीच किलो. हे टार्गेट व्हेटने चिठ्ठीवर लिहिलं आणि थेरपिस्टने दर वेळी काट्यावर बघितलं तर घरचे ऐकतात, एकाने सांगून ऐकत नाहीत.

पायरी ५: औषधांची पूर्ण यादी, घरच्या डब्यातल्यासकट

डॉक्टरांनी दिलेली औषधं तर विचारायचीच, पण "घरातलं काही दिलं का?" हे वेगळं विचारा आणि रागवायचं नाही, नाहीतर सांगणार नाहीत. काकांची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला दिली, असं प्रेमापोटी होतं. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच. आणि व्हेटने दिलेल्या वेदनाशामक गोळीवर कोणी दुसरीकडून स्टेरॉइड घेतलं तर पोटातून रक्त जायची भीती असते. थेरपिस्ट घरी जास्त वेळ बसतो म्हणून या गोष्टी त्याला आधी कळतात, आणि कळल्या की त्याने गोळी बंद करा असं परस्पर सांगायचं नसतं, तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायचा. दुखण्यावर चोळायचं माणसांचं मलम पण नको, कुत्रा चाटणारच. याच डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, कारण ते दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं संपत आली होती, पण माणसांच्या जेलमध्ये ते अजून घरोघरी आहे.

पायरी ६: लगेच थांबायच्या खुणा

ही यादी थेरपिस्टच्या भिंतीवर हवी. यातलं काहीही दिसलं तर सेशन नाही, व्यायाम नाही, आधी व्हेट.

मागचे पाय अचानक गेले, किंवा काल चालणारा आज उठत नाही, किंवा लघवी-शीवरचा ताबा गेला. हे त्याच दिवशीचं काम आहे, उद्यावर ढकलायचं नाही. इथे एक बारीक गोष्ट दाखवते. पायाचं बोट चिमटीत धरून दाबलं आणि पाय मागे ओढला गेला म्हणजे कुत्र्याला वेदना कळली असं नव्हे. तो पाय ओढणं मणक्याच्या खालच्या भागातून आपोआप पण होतं. कुत्र्याने वळून बघितलं, ओरडला, चावायला आला, तर वेदना डोक्यापर्यंत पोचली असं म्हणायचं. "पाय ओढतोय म्हणजे जाणीव आहे" असं चुकीचं लिहून गेलं तर ऑपरेशनची वेळ निघून जाऊ शकते. शंका असली तर व्हिडिओ काढून पाठवा आणि जे दिसलं तेच लिहा.

मांजराचे मागचे पाय अचानक लुळे, ओरडतंय, पंजे गार आणि नखाखालचा भाग निळसर पांढरा, तर ते मणक्याचं नसून हृदयातून आलेली रक्ताची गुठळी असू शकते, एक मिनिट घालवू नका.

ताप, खाणं बंद, आज हा पाय उद्या तो पाय, सांधे सुजलेले, आणि अंगावर गोचीड. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतरही गोचीड तापाचे कुत्रे खूप येतात, त्यातल्या काहींचं पहिलं लक्षण म्हणजे नुसतं लंगडणं असतं. त्यात प्लेटलेट उतरलेल्या असतात, खोल मसाज केला तर त्वचेखाली रक्त साकळतं. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या जातीचा, वयस्कर, मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ घट्ट सूज आणि दुखणं दिवसेंदिवस वाढतंय, रात्री पण झोपत नाही, तर हाडाचा कॅन्सर नाही हे आधी बघायला हवं. अशा सुजेवर शेक, लेझर, अल्ट्रासाउंड (तपासणीचा नाही, उपचाराचा) काहीच नको. वाढीच्या वयातल्या पिल्लांच्या हाडांच्या टोकांवरही अल्ट्रासाउंड नको, तिथून हाड वाढत असतं.

आणि रेबीज. रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा, लसीचा पत्ता नाही, मागचे पाय लुळे, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, तर त्याला हात लावू नका, तोंडात काही अडकलंय का बघायला बोट घालू नका. रेबीज दर वेळी चावरा, पिसाळलेलाच असतो असं नाही, लुळेपणाचा प्रकार पण असतो. या कामातल्या प्रत्येकाने आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी, आणि ओरखडा किंवा लाळ लागली तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी धावणारी आपली जी तरुण पोरं आहेत त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी आहे, म्हणून हे जरा कळकळीने लिहितेय.

पायरी ७: पाणी कधी

थोडक्यात सांगते. पाण्यातल्या ट्रेडमिलचा फायदा म्हणजे वजन कमी भरतं, पाणी घोट्यापर्यंत असलं तर पायांवर साधारण ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत असलं तर फक्त ३८. म्हणून "पाण्यात चालवा" एवढं लिहून भागत नाही, पाणी कुठपर्यंत ते पण लिहावं लागतं. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत पाण्यात नाही. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्याला आणि चपट्या नाकाच्या पगला व्हेटच्या स्पष्ट होकाराशिवाय नाही. आणि ट्रेडमिल नसली तर अडून बसू नका, बसव-उठव, खाली ठेवलेल्या काठ्यांवरून हळू पाऊल टाकत नेणं, वजन एका बाजूला झुकवणं, एवढ्यावर कितीतरी कुत्रे उभे राहिलेत.

पायरी ८: उत्तर परत पाठवा

चिठ्ठी आली तसं उत्तर जायला पाहिजे, आणि इथे आमच्या बाजूचे लोक जास्त कमी पडतात असं मला वाटतं. पहिल्या भेटीनंतर त्याच दिवशी, मग ठरलेल्या अंतराने, आणि काही बिघडलं तर लगेच. डॉक्टर दोन पेशंटच्या मधे वाचणार आहेत, म्हणून वर निष्कर्ष आणि खाली आकडे. असं:

"राणी, तिसरा आठवडा. स्थिती: तशीच ते किंचित बरी. डोलणं कमी, डावा मागचा पंजा अजून अधूनमधून उलटा पडतो. दुखणं: उचलताना ओरडत नाही, पाठ दाबल्यावर हलकी ताठ. मांडीचा घेर डावा अर्धा सेंटिमीटर कमी, गेल्या वेळेइतकाच. घरी: धाकटा मुलगा तिला सोफ्यावर घेतो, समजावलंय. तुम्हाला प्रश्न: उभं करून वजन झुकवायचा व्यायाम सुरू करू का? उत्तर येईपर्यंत आधीचंच चालू ठेवते. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ सोबत."

शेवटच्या दोन ओळी बघा. प्रश्न एकच आहे, हो किंवा नाहीमध्ये उत्तर देता येईल असा, आणि उत्तर येईपर्यंत काय करणार ते सांगितलंय. असं विचारलं की डॉक्टरांचं उत्तर येतं. "सर, केस बघून सांगा पुढे काय करू" असं विचारलं की येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

व्हेट, थेरपिस्ट आणि घरचे अशा तिघांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप प्रत्येक जनावरासाठी करावा, नाव जनावराचं आणि आडनाव. त्यात गुड मॉर्निंग नको, त्यात दुसऱ्याच्या कुत्र्याचं नको. इमर्जन्सीसाठी ग्रुप नाही, फोन. आणि मूळ रिपोर्ट फाइलमध्ये पण ठेवा, चॅटमध्ये खाली शोधत जाणं कोणालाच जमत नाही.

मतभेद झाले तर

होणारच. थेरपिस्टला वाटतं गुडघा सैल लागतोय, व्हेटने लिहिलंय नुसता मुरगळलाय. अशा वेळी घरच्यांसमोर भुवई सुद्धा वर करायची नाही. बाहेर येऊन फोन करायचा आणि जे बघितलं ते सांगून विचारायचं: "सर, बसताना उजवा पाय बाहेर टाकून बसतोय आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाड लागतंय, परत एकदा बघाल का, भूल देऊन?" ताठ धरलेल्या पायात लिगामेंटची चाचणी जागेपणी नीट येत नाही हे त्यांनाही माहीत असतं. तसंच व्हेटने पण घरच्यांना "हे मसाज वगैरे काही उपयोगाचं नाही" असं म्हणून टाकू नये, नको वाटत असेल तर कारण थेरपिस्टला सांगावं. घरच्यांचा एकावरचा जरी विश्वास उडाला तरी नुकसान जनावराचंच होतं, ते मधेच सगळं सोडून देतात.

फोन करूनही पटलं नाही तर दोघांनी मिळून तिसरं मत घ्यायचं ठरवावं आणि घरच्यांना एकाच आवाजात सांगावं. तोपर्यंत जे जास्त सावध आहे ते चालू.

पैशाचं

दोघांची फी वेगळी, बिल वेगळं, आणि पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही. कमिशन सुरू झालं की गरज नसलेली सेशन सुरू होतात. पहिल्याच दिवशी घरच्यांना अंदाजे किती भेटी लागतील आणि कुठल्या टप्प्यावर थांबून परत विचार करायचा ते सांगा, परवडत नसेल तर कमी भेटी आणि घरी करायचा जास्त व्यायाम असा प्लॅन करता येतो, आणि हे पण व्हेटला कळवा म्हणजे ते अपेक्षा तशी ठेवतील.

घोडा असेल तर

लग्नसराईत आपल्याकडे घोड्या किती चालतात, तासन् तास डांबरावर, डीजेच्या आवाजात. घोड्याच्या बाबतीत तिसरा माणूस टीममध्ये लागतो तो म्हणजे नालबंद. पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातूनच निघतं, तिथे खांद्याला मसाज करून काय होणार. दुडक्या चालीत बघा, दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. व्हेटने दुखणं कुठे ते शोधायचं, नालबंदाने खूर आणि नाल, थेरपिस्टने पाठ आणि मान, आणि खोगीर कुठे रुततंय ते सगळ्यांनी. मालकाला नालबंदाचा नंबर मागून घ्या आणि त्याच्याशी स्वतः बोला, त्याला पुष्कळ माहीत असतं.

केस बंद कशी करायची

बरं वाटलं की घरचे यायचं बंद करतात आणि फाइल तशीच राहते. त्यापेक्षा ठरवून बंद करा. शेवटच्या भेटीत पहिल्या दिवशीचे सगळे आकडे परत घ्या, तसाच व्हिडिओ तिन्ही बाजूंनी, वजन, घेर, कोन. घरी करायचे तीन-चार व्यायाम मराठीत किंवा हिंदीत, घरात जो करणार आहे त्याला वाचता येईल असे लिहून द्या, बहुतेक घरांत ते आजोबा असतात नाहीतर कामाला येणारी ताई. संधिवाताचा म्हातारा कुत्रा असेल तर तो पूर्ण बरा होत नसतो, हे व्हेट आणि थेरपिस्ट दोघांनी एकाच भाषेत सांगावं, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा तपासणी ठेवावी, डिसेंबरात सांधे जास्त धरतात. गोळी कमी करून बघायची का ते व्हेट ठरवतील, आणि कमी केली तर पुढचे दोन आठवडे घरच्यांनी रोज दोनच गोष्टी लिहायच्या, सकाळी उठायला वेळ लागला का आणि ओटल्याच्या पायऱ्या स्वतः चढला का. तो कागद ग्रुपवर टाकायचा, व्हेटने बघितलं असं कळवलं की मग फाइल बंद.